घरगुती ऑटोमेशनमधील रिलेचे संरक्षण

स्मार्ट स्विचमध्ये वीज प्रत्यक्ष चालू-बंद करण्याचे काम बहुधा एक छोटा रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, करतो. त्यावर ‘१० अँपिअर, २५० व्होल्ट’ असे छापलेले असते. हा आकडा सहसा गिझर, इस्त्री अशा निव्वळ तापणाऱ्या उपकरणांपुरता खरा असतो. मोटर किंवा एलईडी दिव्यांसाठी त्याच रिलेची क्षमता बरीच कमी धरावी लागते.

कारण आहे इनरश करंट, म्हणजे उपकरण चालू होताना क्षणभर खेचला जाणारा जादा प्रवाह. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते आठ पट प्रवाह घेते. एलईडीच्या ड्रायव्हरमधला (दिव्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला) रिकामा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, त्याहून जास्त पटीने घेतो, पण मिलिसेकंदाहून कमी काळ. रिलेचे कॉन्टॅक्ट (एकमेकांना टेकून वीज जोडणारे धातूचे भाग) मिटताना एकदाच टेकत नाहीत, ते उसळतात. प्रत्येक उसळीला ठिणगी पडते, चांदीच्या मिश्रधातूचा पृष्ठभाग वितळतो आणि दोन्ही कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटतात. मग ॲपवर ‘बंद’ दिसते, पण पाण्याची मोटर चालूच राहते. टाकी वाहू लागते, किंवा पाणी संपले तर मोटर कोरडी फिरून जळते.

अतिभाराचे नुकसान सावकाश होते. २००० वॉटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो, म्हणजे १० अँपिअरच्या रिलेवर कागदोपत्री बसतो. पण भिंतीतल्या बंद डबीत हवा खेळत नाही, आणि रिलेआधी टर्मिनल व सर्किट बोर्डावरचे तांबे तापते. गिझरला १६ अँपिअरचा रिलेच लावावा.

एमसीबी, म्हणजे प्रवाह जादा झाला की आपोआप पडणारा स्विच, आहे म्हणून रिले सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. एमसीबी वायरिंगसाठी असतो. १० अँपिअरचा सी-टाइप एमसीबी ५० ते १०० अँपिअरच्या दरम्यान तत्काळ पडतो. त्याखालचा क्षणिक झटका तो मुद्दाम जाऊ देतो.

पाण्याच्या मोटरीला खरा उपाय एकच: रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची (मोठ्या प्रवाहासाठीच्या दणकट रिलेची) कॉइल चालवावी आणि मोटर एसी-३ वर्गाच्या, म्हणजे मोटरींसाठीच्या, कॉन्टॅक्टरवर घ्यावी, सोबत जादा प्रवाह टिकून राहिला तर मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले लावून. दिव्यांसाठी झीरो-क्रॉसिंग उपयोगी पडते: व्होल्टेज शून्यातून जाताना कॉन्टॅक्ट मिटवले की कपॅसिटरचा झटका खूपच कमी होतो. ट्रान्सफॉर्मरला मात्र तोच क्षण सर्वांत वाईट, कारण त्याचा लोखंडी गाभा चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होऊन प्रवाह उसळतो. कॉन्टॅक्टवर लावलेला आरसी स्नबर (रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडी) उघडतानाची ठिणगी शमवतो, मिटतानाचा झटका नाही. शिवाय ०.१ मायक्रोफॅरडच्या स्नबरमधून सुमारे ७ मिलिअँपिअर प्रवाह झिरपतो आणि बंद केलेला एलईडी मंद पेटत राहतो.

इनरश रोखायला एनटीसी थर्मिस्टरही (तापला की रोध कमी होणारा भाग) लावतात. तो थंड असताना प्रवाह अडवतो, तापल्यावर वाट देतो. त्यामुळे वीज जाऊन लगेच परत आली तर तो अजून गरमच असतो आणि संरक्षण मिळत नाही. जिथे वीज वारंवार जाते तिथे, वीज परतल्यावर सर्व रिले बंद स्थितीतच राहतील आणि नंतर थोड्या थोड्या अंतराने एकेक चालू होतील, असे सेटिंग ठेवावे.