सॅच्युरेशन खाली ओढलं म्हणजे फोटो ब्लॅक अँड व्हाइट झाला, असं नाही

मे महिन्यातल्या गुलमोहराचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो पाहिले की जीव हळहळतो. प्रत्यक्षात झाड पेटलेलं असतं आणि फोटोत उरतो राखाडी गोळा. फूल कुठलं, पाला कुठला, काही कळत नाही. कारण बहुतेक वेळा एकच असतं : एडिटिंग ॲपमधला सॅच्युरेशनचा, म्हणजे रंगांच्या तीव्रतेचा, स्लायडर डावीकडे टोकाला नेला आणि काम झालं असं मानलं.

हा स्लायडर सगळ्यांना ठाऊक आहे. तो रंग पुसतो, बस. ब्लॅक अँड व्हाइट मिक्सर वेगळा. त्यात प्रत्येक रंगाला स्वतंत्र स्लायडर असतो : फोटोशॉपमध्ये असे सहा, लाइटरूममध्ये आठ. स्नॅपसीडमध्ये ब्लॅक अँड व्हाइटच्या आत रंगीत फिल्टर आहेत, तेही याच जातीचे. रंग दोन्हीकडे जातो, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. पण कुठल्या रंगाचा किती उजळ करडा व्हावा, हे पहिल्यात ठरलेलं गणित सांगतं आणि दुसऱ्यात तुम्ही.

गणितच करून बघू. फोटोतला प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांचा असतो, प्रत्येक ० (काळा) ते २५५ (पूर्ण उजळ). समजा, गुलमोहराच्या पाकळीवरच्या एका ठिपक्यात लाल २२०, हिरवा ६०, निळा ३० आहे. शेजारच्या पानावर लाल ९०, हिरवा १३०, निळा ४०. रंग पुसण्याच्या एका नेहमीच्या सूत्रात लाल ३० टक्के, हिरवा ५९ आणि निळा ११ टक्के धरतात. पाकळीचा करडा येतो १०५, पानाचा १०८. डोळ्यांना जे दोन रंग एकमेकांच्या अंगावर येत होते, त्यांच्यात आता तीन पायऱ्यांचं अंतर उरलं. यावर कॉन्ट्रास्ट कितीही चढवा, दोघं जोडीनंच वर जातील नाहीतर खाली. ‘कॉन्ट्रास्ट वाढव, मग उठून दिसेल’ हा सल्ला मला अजिबात मान्य नाही, तो यासाठी.

आता त्याच फोटोतला फक्त लाल चॅनेल, म्हणजे नुसते लालचे आकडे, घ्या : पाकळी २२०, पान ९०. काळपट पाल्यावर फुलं उजळली. फक्त हिरवा घेतलात तर पाकळी ६०, पान १३०, फुलं काळवंडली. मिक्सरमध्ये तुम्ही याच दोन टोकांच्या मधली जागा शोधत असता. गुलमोहराला मी नेहमी पहिल्या बाजूला झुकतो.

फिल्मवाले हेच काम लेन्ससमोर रंगीत काच लावून करायचे. १९२७ मध्ये अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सनं कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्याचा फोटो आधी पिवळा फिल्टर लावून काढला. आकाश फिकं येणार हे लक्षात आल्यावर उरलेल्या शेवटच्या प्लेटसाठी (फिल्मऐवजी वापरायची काच) गडद लाल फिल्टर चढवला. निळं आकाश जवळजवळ काळं झालं आणि कडा अंगावर आला.

मिक्सर उघडूनही लोक एका ठिकाणी हमखास अडतात. पाला गडद करायला हिरवा स्लायडर ओढतात, फारसं काही हलत नाही, आणि मग मिक्सरलाच नावं ठेवतात. उन्हातलं गवत, कोवळी पालवी यांच्यात पिवळा भरपूर असतो. आधी पिवळा स्लायडर हलवून बघा, फोटो लगेच बोलायला लागतो. निळा मात्र जपून. आकाश काळंभोर करायच्या नादात तो तळाला नेलात तर आकाशात खरखर उमटते आणि फांद्यांच्या कडेला पांढरी रेघ दिसते.

कॅमेऱ्यातला मोनोक्रोम (ब्लॅक अँड व्हाइट) मोड वापरायचा तर रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची मूळ माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये, फोटो काढा. स्क्रीनवर ब्लॅक अँड व्हाइट दिसलं तरी फाइलमध्ये रंग शाबूत राहतात. नुसता जेपेग काढलात तर रंग तिथेच गेले, आणि मिक्सरचा कुठलाही स्लायडर ओढला तरी पाकळी आणि पान वेगळे होणार नाहीत.