कॉल्डर ट्रॉफी: 'नवखा' नेमका कोण? पात्रता, कागदपत्रं आणि मतदान

2025 च्या एप्रिलमध्ये आमच्या मित्रांच्या ग्रुपवर आइस हॉकीतला त्या वर्षीचा सर्वोत्तम नवखा लेन हटसन की मॅकलिन सेलेब्रिनी यावरून दोन रात्री खडाजंगी झाली. तिसऱ्या दिवशी एकाने शांतपणे विचारलं, "ते ठीक आहे रे, पण कॅलगरी संघाचा गोलरक्षक डस्टिन वुल्फ नवखा कसा? तो तर आदल्या वर्षी सतरा सामने खेळलाय." सगळे गप्प. लायक कोण, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पात्र कोण, हे कुणालाच नाही.

आइस हॉकीच्या एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या लीगमध्ये पहिल्या वर्षी सर्वांत सरस खेळणाऱ्याला कॉल्डर मेमोरियल ट्रॉफी मिळते. नाव आहे लीगचे पहिले अध्यक्ष फ्रँक कॉल्डर यांचं. 1936-37 पासून ते दरवर्षी नवा चषक विकत घेऊन नवोदिताला कायमचा देऊन टाकायचे. 1943 मध्ये ते गेले आणि चषकाला त्यांचं नाव लागलं.

अर्ज कुठे करायचा?

कुठेच नाही. ना फॉर्म, ना फी, ना क्लबची शिफारस. अटींत बसणारा प्रत्येक खेळाडू आपोआप शर्यतीत असतो.

अटी तीन. आधीच्या कुठल्याही एका हंगामात 25 पेक्षा जास्त सामने झालेले नसावेत. आधीच्या कुठल्याही दोन हंगामांत प्रत्येकी सहा किंवा अधिक सामने झालेले नसावेत. आणि त्या हंगामाच्या 15 सप्टेंबरपर्यंत वयाची 26 वर्षं पूर्ण झालेली नसावीत.

दुसऱ्या अटीवर बहुतेकांची गल्लत होते. एखाद्याने ओळीने तीन वर्षं पाच-पाच सामने खेळले तरी चौथ्या वर्षी तो नवखाच. आणि एका वर्षी सहा, पुढच्या वर्षी सहा, असे फक्त बारा सामने खेळलेला मात्र बाद! वुल्फचा हिशेब आता सोपा होतो. 2022-23 मध्ये एक सामना, 2023-24 मध्ये सतरा. सतरा हे पंचविसाच्या आत, आणि सहाचा आकडा गाठलेला हंगाम एकच. पात्र.

याहून मजेदार प्रकरण मायकेल बंटिंगचं. 2018-19 मध्ये त्याचे पाच सामने झाले होते, 2020-21 मध्ये एकवीस. पहिल्या हंगामात आणखी एक सामना झाला असता तर गाडी सुटली असती. वयाचंही तसंच: जन्म 17 सप्टेंबर 1995 चा, म्हणजे 2021 मध्ये मुदतीनंतर दोन दिवसांनी तो सव्वीस वर्षांचा झाला. टोरांटोकडून त्या हंगामात 63 पॉइंट (गोल अधिक असिस्ट, म्हणजे गोलला मदत करणारे पास) काढून तो अंतिम तिघांत आला. ट्रॉफी गेली डेट्रॉइटच्या मोरिट्झ सायडरकडे. सव्विशीतला माणूस नवखा कसला, म्हणून तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. नियमात बसतो म्हटल्यावर हा आक्षेप मला तरी पटत नाही. आपल्याकडे साई सुदर्शन 2025 मध्ये आयपीएलचा उदयोन्मुख खेळाडू ठरला, तोही चौथ्या हंगामात!

कोणते सामने मोजायचे?

नियमित हंगामातले. प्लेऑफचे सोडून द्यायचे. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे माँट्रियलचा गोलरक्षक केन ड्रायडन. 1970-71 मध्ये तो नियमित हंगामात फक्त सहा सामने खेळला, मग प्लेऑफमध्ये उतरून संघाला स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकून दिलं आणि प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडूही ठरला. एवढं होऊनही पुढच्या वर्षी तो नवखाच होता, आणि कॉल्डर त्यालाच मिळाली.

नियमाचे शब्द 'कोणत्याही प्रमुख व्यावसायिक लीगमध्ये' असे आहेत, आणि खरी मेख तिथेच आहे. वेन ग्रेट्झकीने 1979-80 मध्ये एनएचएलच्या पहिल्याच वर्षी 137 पॉइंट काढले, सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मानही मिळवला. पण आदल्या वर्षी तो डब्ल्यूएचए या प्रतिस्पर्धी लीगमध्ये खेळला होता, म्हणून नवखा नाही. कॉल्डर रे बोर्कला. दहा वर्षांनी सर्गेई मकारोव सोव्हिएत लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळून, दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं गाठीशी बांधून कॅलगरीला आला आणि 31 व्या वर्षी 'नवोदित' ठरला! त्यावरून जो गदारोळ झाला त्यातूनच वयाची अट आली. युरोपातले सामने मात्र आजही धरत नाहीत. म्हणून रशियाच्या लीगमध्ये मुरलेला आर्टेमी पनारिन 2016 मध्ये जिंकला, आणि गळ्याजवळचं हाड (कॉलरबोन) मोडून 45 सामन्यांवर अडकलेला कॉनर मॅकडेव्हिड मागे राहिला.

कागदपत्रं

खेळाडूने काहीच द्यायचं नसतं. तुम्हाला पात्रता तपासायची असेल तर दोनच गोष्टी बघा: जन्मतारीख आणि हंगामवार सामन्यांचा तक्ता. तक्त्यात 'एकूण' चा रकाना बघू नका, तो फसवतो. एएचएल ही खालची लीग, तिचे सामने वगळा.

मतदान

मत देतात व्यावसायिक हॉकी पत्रकार संघटनेचे सदस्य, नियमित हंगाम संपल्यावर आणि प्लेऑफ सुरू होण्याआधी. प्रत्येकाने पाच नावं क्रमाने लिहायची. गुण 10, 7, 5, 3, 1. म्हणजे एक पहिली आणि एक तिसरी पसंती मिळून पंधरा, तर दोन दुसऱ्या पसंती चौदाच. सर्वाधिक गुणांचे तिघे आधी जाहीर होतात, विजेता नंतर.

इथून पुढे नियम संपतात आणि भांडण सुरू होतं. 2025 चे तिघे बघा. बचावपटू हटसन: 82 सामने, 66 पॉइंट, त्यात 60 असिस्ट, म्हणजे नवख्या बचावपटूंच्या विक्रमाशी बरोबरी, आणि संघ प्लेऑफमध्ये. आघाडीचा सेलेब्रिनी: 70 सामन्यांत 63, पण संघ तळाला. वुल्फ: 29 विजय, आणि कॅलगरी गुणतक्त्यात 96 गुण घेऊनही प्लेऑफबाहेर. गोलरक्षकाला पॉइंटच्या तराजूत घालता येत नाही, तिथेच तुलना अडते. सामन्यामागे पॉइंटची सरासरी सेलेब्रिनीची चांगली, पण बचाव सांभाळून इतके असिस्ट देणं जास्त अवघड, असं माझं मत. पत्रकारांनीही हटसनलाच निवडलं.

2018 पासून प्रत्येक पत्रकाराची मतपत्रिका जाहीर होते, त्यामुळे कुणी कुणाला पाचवं ठेवलं हेही कळतं. त्या साच्यावर आम्हीही ग्रुपवर मतदान घेतलं. वुल्फ नवखा कसा, असं विचारणाऱ्याने पहिलं मत वुल्फलाच दिलं.