ग्रामसभा आधी आली, दप्तर नंतर

गावच्या सभेत बसण्याचा हक्क आणि गावचं दप्तर, म्हणजे कामांचे आणि हिशेबाचे सरकारी कागद, पाहण्याचा हक्क महाराष्ट्रात एकत्र आले नाहीत. दोन्हींमध्ये चाळीसहून जास्त वर्षं गेली. आजही ग्रामसभेत हिशेबावर प्रश्न विचारणारा अडखळतो, त्याचं मूळ बरंचसं या उशिरात आहे.

सभा आली 1958 च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाने. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येकजण ग्रामसभेचा सदस्य. त्यासाठी निवडून यावं लागत नाही. पण 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या, कामांचे निर्णय तालुका-जिल्ह्याला होऊ लागले आणि सभेत उरलं ते ठरलेल्या योजना वाचून दाखवणं. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला अमलात आली. राज्यघटनेच्या कलम 243-अ मध्ये ग्रामसभेचं नाव आलं खरं, पण अधिकार काय द्यायचे ते राज्यांवर सोडलं. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल, क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देऊन त्यापुढची मजल मारली. त्याच्याही आधीपासून गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) म्हणत होतं, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’.

दप्तराची लढाई सुरू झाली राजस्थानात. डिसेंबर 1994 मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. रीत साधी होती. कामाचं मस्टर (मजुरांचा हजेरीपट) आणि बिलं गावासमोर मोठ्याने वाचायची आणि ज्याचं नाव निघेल त्याला विचारायचं: तू त्या कामावर होतास का, हातात किती पडले? पुढच्या जनसुनवायांत मस्टरवर मेलेल्यांची आणि गाव सोडून गेलेल्यांची नावं निघाली. एकट्याने कपाटातला कागद पाहणं वेगळं आणि तोच कागद चारचौघांत वाचला जाणं वेगळं, हे या रीतीने दाखवून दिलं. आमच्या मते या सगळ्या इतिहासातला हाच सर्वांत मोलाचा शोध. रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्यातलं सामाजिक अंकेक्षण, म्हणजे कामांची आणि खर्चाची गावानेच केलेली तपासणी, त्यातूनच आलं.

महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा 2002 चा. ऑगस्ट 2003 मध्ये अण्णा हजारे यांनी उपोषण केल्यावर तो प्रत्यक्षात आला. 12 ऑक्टोबर 2005 पासून केंद्राचा कायदा पूर्णपणे लागू झाला. त्याचं कलम 4(1)(ख) सांगतं की 17 बाबी कार्यालयाने कुणी न मागता जाहीर करायच्या. सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते याच कलमाकडे.

आता हे दोन्ही हक्क हातात आहेत, तरी गळती कुठे होते? पहिली गणपूर्तीत, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीत. ग्रामसभेला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती संख्या लागते. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. लोक समजतात सभा बारगळली; प्रत्यक्षात तेच विषय पुढच्या तारखेला मोजक्या माणसांत मंजूर होतात. म्हणून तहकुबीनंतरची तारीख फलकावरून उतरवून घेणं मूळ सभेइतकंच महत्त्वाचं.

दुसरी गळती माहिती अधिकाराच्या अर्जात. ‘रस्ता निकृष्ट का झाला?’ याला उत्तर मिळत नाही, कारण कायदा कारणमीमांसा देत नाही, उपलब्ध नोंद देतो. कागदाचं नाव घ्यावं लागतं: अमुक कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप वहीची पानं, अदा केलेलं देयक. राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत. शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. मोजमाप वही मिळाली की टेप घेऊन रस्त्यावर जायचं. लांबी, रुंदी आणि जाडी वहीत लिहिलेली असते, आणि कडेला खणून जाडी कुणालाही मोजता येते.

तिसरी गळती इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, आणि ती सर्वांत शांतपणे होते. सभा संपताना हजेरीवर सह्या झालेल्या असतात, ठराव मात्र कच्च्या कागदावर असतात आणि पक्क्या वहीत नंतर चढतात. मधल्या काळात विषय वाढतो, विरोध गळतो. ठराव तिथेच लिहून, वाचून दाखवून, शेवटच्या ओळीखाली रेघ मारून सह्या घेतल्या, तर मागाहून घुसडायला जागा राहत नाही.