सीरियल कार्डावरून मिडी वाद्यजोडणी

संगणकाच्या स्लॉटमध्ये सीरियल पोर्टचे (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जुन्या जोडाचे) कार्ड बसवून त्यावरून जुनी मिडी वाद्ये, म्हणजे मिडी या जोडणीच्या मानकाने एकमेकांशी बोलणारी इलेक्ट्रॉनिक वाद्ये, चालवण्याची पद्धत. नव्या मदरबोर्डांवरून नऊ पिनांचा पोर्ट नाहीसा झाला, तेव्हापासून तिची गरज पडू लागली.

मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही. कोणती पट्टी किती जोराने दाबली, केव्हा सोडली, एवढा निरोप जातो. १९८३ मध्ये आलेल्या या मानकाचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एक स्वर वाजवण्याचा निरोप तीन बाइटांचा, म्हणजे जेमतेम एक मिलिसेकंदाचा. मुंबईकरांची मिडीशी नकळत ओळख झाली ती ऑक्टोपॅडमुळे. गणपतीच्या मांडवापासून ऑर्केस्ट्रापर्यंत सगळीकडे दिसणाऱ्या या वाद्याचा मूळपुरुष, रोलँडचा १९८५चा पॅड-८, स्वतः मुकाच होता. काठी त्याच्यावर पडे आणि आवाज मिडीने जोडलेल्या दुसऱ्या यंत्रातून येई.

खरी अडचण भागाकाराची आहे. पीसीच्या सीरियल पोर्टचा मूळ वेग १,१५,२०० आणि बाकीचे वेग त्याला पूर्णांकाने भागूनच मिळतात. तीनने भागले तर ३८,४००, चारने भागले तर २८,८००. ३१,२५० नेमके या दोघांच्या फटीत पडतात. म्हणून रोलँडच्या साउंड कॅनव्हास आणि यामाहाच्या एमयू मालिकांतल्या अनेक साउंड मोड्यूलना (पट्ट्या नसलेल्या, फक्त आवाज काढणाऱ्या पेट्यांना) संगणकासाठी आठ पिनांचे वेगळे गोल सॉकेट दिले गेले. जवळची कळ ‘पीसी-२’वर सरकवली की मोड्यूल ३८,४०० वर येते, ‘मॅक’वर नेली की ३१,२५० वर. पीसी हटत नाही म्हटल्यावर वाद्याने नमते घेतले! त्यातून एक फायदाही झाला. मिडीच्या नेहमीच्या पाच पिनांच्या एका वायरीत सोळाच चॅनेल मावतात, म्हणजे सोळा वेगळ्या वाद्यांचे निरोप. सीरियल वायरीत मात्र ‘पुढचे निरोप अमुक गटाचे’ असा जादा संकेत घालून साउंड कॅनव्हास मालिकेतल्या एससी-८८चे बत्तीस भाग (प्रत्येकाला एक चॅनेल) एकाच वायरीवर चालवता येतात.

असे सॉकेट असलेल्या मोड्यूलला कुठलेही साधे कार्ड आणि योग्य केबल पुरते. फक्त पाच पिनांचे सॉकेट असलेल्या वाद्याला मात्र अचूक ३१,२५० लागतात. काही कार्डांच्या चिपमध्ये ही जुळणी सॉफ्टवेअरनेच होते. नाही तर हौशी मंडळी सोल्डरिंग गन हातात घेतात: कार्डावर १४.७४५६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (वेगाचा ठेका देणारा स्फटिक) असेल तर तो काढून १६ मेगाहर्ट्झचा लावायचा. संगणकाला या बदलाचा पत्ता नसतो. त्याच्याकडे २८,८०० मागायचे, वायरीवर ३१,२५० येतात. क्रिस्टल ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडला शोधावा (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग). तिथे ‘स्फटिक’ मागून उपयोग नाही.

वेग जुळला तरी वायर थेट जोडता येत नाही. सीरियल पोर्ट धन-ऋण व्होल्टेजवर चालतो, मिडी सुमारे ५ मिलिअँपिअरच्या प्रवाहावर. मध्ये छोटे सर्किट लागते आणि मिडी इनच्या (निरोप आत येण्याच्या) बाजूला ६एन१३८सारखा ऑप्टोकपलर, म्हणजे संकेत प्रकाशातून पलीकडे देणारी चिप. त्याचा खर्च वाचवण्याचा मोह होतो, पण दोन यंत्रांमधला विजेचा थेट संबंध तोच तोडतो. तो नसेल तर स्पीकरमधून गुणगुण ऐकू येण्याची शक्यता असते.

यूएसबी-सीरियल केबल हा स्वस्त पर्याय आहे आणि बऱ्याच घरगुती कामांना तो चालतो. मात्र तिच्यातल्या लोकप्रिय एफटीडीआय चिपा संगणकाकडे येणारे बाइट मूळ सेटिंगमध्ये १६ मिलिसेकंदांपर्यंत धरून ठेवतात. ते कमी करता येते, पण आधी माहीत असावे लागते. ठेक्यावर बसलेल्या हाताला एवढा उशीर जाणवतो. कार्डाची चिप मधल्या यूएसबीशिवाय थेट प्रोसेसरला हाक मारते.

६४ बिटी विंडोजवर जुने ३२ बिटी ड्रायव्हर चालत नाहीत. लिनक्सच्या अल्सा ध्वनिप्रणालीत सीरियल मिडीसाठी तयार ड्रायव्हर आहे, मूळ वेग ३८,४००. तो जुन्या धाटणीच्या पोर्ट-पत्त्यावरच काम करतो, त्यामुळे मेमरीतून पत्ता घेणारी पीसीआय एक्सप्रेस कार्डे त्याला दिसत नाहीत. कार्ड घेतानाच हे विचारलेले बरे.