पार्श्वभूमी : बेळगावचे मराठा सेंटर आणि रंगरुटाचे बदलते शिक्षण

मराठा लाईट इन्फंट्रीच्या सर्वांत जुन्या पलटणीची उभारणी 1768 सालची असली, तरी बेळगावच्या कॅम्पात आज ज्या रीतीने नवा शिपाई तयार होतो, ती रीत जेमतेम शंभर वर्षांची आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत प्रत्येक पलटण आपली माणसे आपणच भरती करी आणि आपल्याच हवालदारांच्या हाताखाली त्यांना कवायत शिकवी. चुलता किंवा गावचा कोणी आधीपासून पलटणीत असे आणि त्याच्या ओळखीने नवा पोर दाखल होई. मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) माणसे झपाट्याने पडू लागली तेव्हा या घरगुती पद्धतीची मर्यादा उघडी पडली, कारण आघाडीवरच्या पलटणीला मागून तयार शिपाई पुरवणारी कायमची व्यवस्थाच नव्हती. 1922 च्या पुनर्रचनेत मराठा पलटणी एका रेजिमेंटखाली आल्या आणि 1918 मध्ये शर्कतच्या लढाईत नाव कमावलेली 114 वी मराठा पलटण प्रशिक्षण पलटण ठरून बेळगावात स्थिरावली. आजच्या मराठा सेंटरचे मूळ तेच.

भाषेचा मुद्दा थोडक्यात सांगता येतो, पण तो सीमाभागाच्या जिव्हाळ्याचा आहे. ब्रिटिश काळात परेडचे हुकूम इंग्रजीत सुटत आणि रंगरुटाला अक्षरओळख रोमन लिपीतल्या हिंदुस्तानीची करून दिली जाई. स्वातंत्र्यानंतर दोन्हींची जागा हिंदीने घेतली. त्यामुळे खानापूर तालुक्यातला मुलगा घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलत असला, तरी उस्तादाचा, म्हणजे कवायत शिकवणाऱ्याचा, शब्द तो पहिल्या दिवसापासून हिंदीतच ऐकतो.

मोठा आणि अजून न मिटलेला वाद 14 जून 2022 रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ या चार वर्षांच्या सैनिक भरती योजनेचा आहे. तिची वयोमर्यादा, सेवानिधी (चार वर्षांअखेर मिळणारी एकरकमी रक्कम) आणि चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्क्यांना कायम करण्याची अट या गोष्टी सीमाभागातल्या घराघरांत पाठ आहेत. प्रशिक्षणाच्या दृष्टीने मात्र त्या निर्णयातील ‘अग्निवीर’ हा शब्दच अधिक बारकाईने पाहायला हवा. ‘रंगरूट’ हा इंग्रजी ‘रिक्रूट’वरून आला आणि लष्कराच्या बोलीत मुरला, परंतु त्याचा अर्थ पक्का होता: ज्याने अजून कसम घेतलेली नाही तो. राष्ट्रध्वजासमोर, धर्मगुरूंच्या साक्षीने कसम परेड झाली की रंगरूटपण संपे आणि तो शिपाई होई. आई-वडिलांना गौरव पदक देण्याची आजची प्रथाही याच दिवसाभोवती गुंफलेली आहे. नव्या योजनेने अग्निवीर हा इतर सर्व हुद्द्यांपेक्षा वेगळा हुद्दा ठरवला आणि तो दाखल झाल्यापासून चार वर्षे लागू राहतो. म्हणजे कसम घेण्यापूर्वीही तो अग्निवीर असतो आणि घेतल्यानंतरही. कसम परेड पूर्वीच्याच शिस्तीने होते, पण तिच्यामुळे मुलाच्या नावामागचा शब्द आता बदलत नाही. जुने शिपाई ही गोष्ट मनाला लावून घेतात आणि त्यांचे मला पटते. तो दिवस शिक्षणाचा शेवट होता, तितकाच नव्या ओळखीचा आरंभही होता.

दुसरा गुंता काळाच्या मोजणीचा. प्रशिक्षणाचा काळ सेवेत धरला जाणे नवीन नाही, पूर्वीही तो धरला जात असे. पण निवृत्तिवेतनासाठी लागणाऱ्या पंधरा वर्षांपुढे पायदळातले आठ-दहा महिन्यांचे शिक्षण लहान दिसे. योजना जाहीर करताना प्रशिक्षण सहा महिन्यांचे सांगितले गेले आणि चार वर्षांत ते आठवा हिस्सा होते. शिक्षण आखडले तरी सिम्युलेटर, नवी साधने आणि अधिक नेटका अभ्यासक्रम यांनी कसर भरून निघते, अशी समर्थकांची बाजू आहे. विरोधकांचे म्हणणे असे की, गोळी नेम धरून मारायला थोडक्या काळात शिकवता येते, मात्र पलटणीशी नाते जुळायला वेळच द्यावा लागतो आणि ते जुळेपर्यंत मुलाच्या परतीचा विचार सुरू झालेला असतो. त्यातच भरती ‘अखिल भारतीय, सर्व वर्ग’ तत्त्वावर होईल, असे घोषणेत म्हटले गेले. रेजिमेंटची पद्धत बदलणार नाही, असा खुलासा नंतर अधिकाऱ्यांनी केला. ज्या सेंटरची सारी घडण एका प्रदेशाच्या नात्यागोत्यावर झाली, तिथे या दोन वाक्यांमधले अंतर लहान मानता येत नाही. पहिल्या तुकड्यांचे शिक्षण 2023 च्या आरंभी सुरू झाले आणि त्यांची चार वर्षे 2026-27 मध्ये भरतात. किती जण कायम होतात, हे तेव्हा दिसेल.

बेळगावजवळ सांबरा येथे हवाई दलाच्या प्रशिक्षण केंद्रातही अग्निवीरवायू (हवाई दलाचे अग्निवीर) तयार होतात आणि त्यांत मुलीही आहेत. या जिल्ह्याच्या सैनिकी शिक्षणात हा बदल खरोखर नवा आहे.

प्रशिक्षणाच्या आधीची वाटही पालटली. कोविडकाळात भरती थांबली आणि रोज पहाटे रस्त्यावर धावणारी कितीतरी मुले त्या दोन वर्षांत वयाबाहेर गेली. 2023 पासून आधी संगणकावरची लेखी परीक्षा आणि मग मैदान, असा क्रम झाला. ज्या गावांत धावणे, पुल-अप आणि लांब उडी एवढीच तयारी होती, तिथे आता गणित आणि सामान्यज्ञानाचे वर्ग चालतात. 1956 पर्यंत चंदगड आणि खानापूर हे दोन्ही तालुके बेळगाव जिल्ह्यातच होते. आज चंदगडचा मुलगा कोल्हापूरच्या भरती कार्यालयाकडे अर्ज करतो, तर खानापूरचा मुलगा बेळगावच्या कार्यालयाकडे, जिथे बीदर, रायचूर, कोप्पळचेही उमेदवार असतात. निवड होऊन मराठा रेजिमेंट मिळाली, तर दोघे पुन्हा त्याच परेड ग्राउंडवर शेजारी उभे राहतात. सुरुवातीला ही परीक्षा हिंदी आणि इंग्रजीतच होती. 2025 च्या भरतीपासून ती तेरा भाषांत झाली, त्यांत मराठी आणि कन्नड या दोन्ही आहेत, आणि खानापूरच्या मुलाला अर्ज भरतानाच आपली भाषा निवडायची असते.