सकाळी बोटं वळत नाहीत तेव्हा

आतेचा आजार आमच्यात सगळ्यांच्या आधी आडाळ्याने, म्हणजे खवणीच्या विळीने ओळखला. सकाळी एक पाय दुमडून ती आडाळ्यावर बसायची आणि दोन मिनिटांत नारळाची कवड खवून मोकळी व्हायची. त्या पावसाळ्यात मात्र कवड हातात धरून नुसतीच बसलेली दिसायला लागली. “बोटां वळणत नाय,” म्हणाली. “धा वाजले काय हात माजो होता.”

डॉक्टरांच्या दृष्टीने हे वाक्य लाखमोलाचं होतं. आमच्या ते लक्षातच आलं नाही. वय झालं की गुडघे झिजतात, तो संधिवात वेगळा. त्यात सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासात सुटतो आणि दिवसभर राबलं की दुखणं वाढतं. आतेचं उलट होतं. काम करत गेली की हात सैल व्हायचा आणि विश्रांतीनंतर पुन्हा जखडायचा. दोन्ही हातांची मधली पेरं आणि मुठीचे उंचवटे सुजलेले, टोकाची पेरं मात्र ठीक. ही आमवाताची, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची ठेवण. शेजारपाजारच्यांनी चिकनगुनियाचं निदान करून टाकलं, आणि त्यात त्यांची फार चूक नव्हती, कारण चिकनगुनियानंतरही सांधे महिनोन्महिने असेच धरतात. पण तिथे आधी कडकडून ताप येतो. आतेला ताप आलाच नव्हता. सूज सहा आठवडे हटली नाही तर ती आपोआप जाईल म्हणून वाट बघत बसू नये. आम्ही आठ महिने बसलो.

शरीर स्वतःवरच उलटतं हे सांगताना ‘कुंपणच शेत खातं’ ही म्हण हमखास येते. मला ती इथे पटत नाही, कारण त्या कुंपणाला लबाडीचा वास आहे. इथे लबाड कोणी नसतं, ओळख चुकलेली असते. आमच्याकडे गावाच्या शिवेवर राखणदार, म्हणजे गाव राखणारा देव असतो. परक्याला अडवायचं आणि गाववाल्याला रात्रीची वाट दाखवायची, अशी त्याची ख्याती. त्याला एक दिवस गाववालाच परका दिसू लागला तर जे होईल, ते आतेच्या सांध्यांत चाललं होतं. सांध्याच्या आतल्या पातळ अस्तरावर तिच्याच रोगाशी लढणाऱ्या पेशी तुटून पडल्या, अस्तर सुजून जाड झालं आणि कूर्चा (हाडाच्या टोकावरची गुळगुळीत गादी) नि हाड कुरतडायला लागलं.

असं होऊ शकतं हे वैद्यकाच्या पचनी पडायला बराच वेळ गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिश यांनी बकऱ्यांवर प्रयोग केले. एका बकरीला दुसरीचं रक्त टोचलं की त्या परक्या रक्तपेशी फोडणारी द्रव्यं तिच्या अंगात तयार व्हायची. तिचं स्वतःचं रक्त टोचलं तर काहीच नाही. शरीर स्वतःवरचा हल्ला टाळतं, हा त्यांचा निष्कर्ष बरोबर होता. पुढच्यांनी त्याचा अर्थ ‘असा हल्ला होऊच शकत नाही’ असा घेतला, आणि ऑटोइम्यून, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटण्याच्या आजारांची कल्पना रुजायला १९५०चं दशक उजाडलं.

छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. टी पेशींची, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या रक्तपेशींची परीक्षा तिथे होते, आणि आपल्याच प्रथिनांवर धावून जाणाऱ्या पेशी तिथल्या तिथे मारल्या जातात. तरी चाळणीतून काही निसटतातच, तुमच्या-माझ्या अंगातही. त्यांना आवरायला नियामक टी पेशी असतात. शिमोन साकागुची यांनी १९९५ साली त्या दाखवून दिल्या. मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये जे जनुक शोधलं, ते बिघडलं की हा आवर सुटतो. या तिघांना २०२५चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

म्हणून ‘हिची प्रतिकारशक्ती कमी झालीय, जरा वाढवा’ हा सल्ला ऐकला की मला राग येतो. बिघाड शक्तीत नसतो, ओळखीत आणि आवरण्यात असतो. आमच्या गडग्यावर गुळवेल फुकट चढलेली, काढा करायला कितीसा वेळ लागणार? पण २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही, तो वाद आहेच. तरीही ज्याचं आमवाताचं औषधच यकृतावर ताण देतं, त्याने डॉक्टरांना न विचारता काढा का घ्यावा?

काढ्याहून वाईट पुडी निघाली. कोणीतरी ‘जडीबुटीची’ म्हणून आणून दिली आणि चौथ्या दिवशी आते उड्या मारायला लागली. दोन महिन्यांत चेहरा पुरीसारखा फुगला. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. स्टिरॉइड वाईटच, असं मी म्हणत नाही. १९४८ साली अमेरिकन डॉक्टर फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० साली त्यांना नोबेल मिळालं. डॉक्टर आजही ते मोजूनमापून देतात. पुडीत किती आहे ते मात्र कोण मोजणार? शिवाय ते बरेच दिवस घेऊन एकदम बंद केलं तर, स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरलेलं शरीर कोसळू शकतं.

शेवटी बांबोळीला, गोव्याच्या सरकारी इस्पितळात नेलं. मेथोट्रेक्सेट सुरू झालं. हे मूळचं कर्करोगाचं औषध, आमवातात अगदी कमी मात्रेत देतात, आणि आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतलं तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी बनेनाशा होतात, माणूस दगावू शकतो. आमच्याकडे त्याचा वार बुधवार, कारण बुधवार मासळीचा, तो आते विसरणं शक्य नाही. फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या वारी. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात आणि याच काळात लोक ‘लागू पडत नाही’ म्हणून सोडून देतात. मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या बाईने तर हे औषध सुरू करण्याआधीच डॉक्टरांना तसं सांगायला हवं.

मासळीवरून आठवलं. आंबटाने वात धरतो म्हणून आतेची सोलकढी बंद झाली होती. कोकमाने आमवात होतो याला काही आधार नाही. उलट बांगडा-तारलीसारख्या तेलकट माशांतलं ओमेगा-३ सूज थोडी कमी करतं. थोडीच, त्याच्या जिवावर गोळी सोडू नये. विडी-सिगारेटने मात्र आमवात होण्याचा धोका वाढतो, आणि हिरड्यांच्या आजाराशीही त्याचं नातं दिसतं.

खरी भांडणं होतात भाताच्या लावणीला. कोकणात पावसात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा ताप) असतो, चिखलातल्या पाण्यातून पायाच्या चिरेवाटे शिरतो, आणि आतेची प्रतिकारशक्ती आता औषधाने मुद्दाम दाबलेली. गमबूट घालून ती बांधावर उभी राहते आणि ‘रोप तिरका लावलंस’ म्हणून आम्हाला शिव्या घालते. ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा आणि ते सांगतील तोवर बुधवारची गोळी थांबवायची, असं ठरलंय.

उजव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली ती राहिलीच. त्या आठ महिन्यांत कुरतडलेलं हाड औषधाने भरून येत नाही. कवड ती आता डाव्या हाताने दाबून धरते. परवा जेवताना तिने ताटाच्या कडेला बांगड्याचा काटा सरकवला आणि विचारलं, “आज बुधवार मा?”