‘सेव्ह’ या आज्ञेत शिरलेला मॅक्रो

दस्तऐवज सेव्ह करताना नेमके काय घडावे हे वापरणाऱ्याने ठरवावे, ही सोय आज संशयाने पाहिली जाते. असे का झाले, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

ही सोय मॅक्रोंची: मॅक्रो म्हणजे एका नावाखाली साठवलेला आज्ञांचा क्रम, जो हवा तेव्हा आपोआप चालवता येतो. मॅक्रो मायक्रोसॉफ्ट वर्डच्याही आधीचे. १९७६ साली एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत टेको या एडिटरसाठी (मजकूर लिहिण्या-बदलण्याच्या प्रोग्रामसाठी) लिहिलेल्या मॅक्रोंच्या संचातूनच ईमॅक्स हा एडिटर उभा राहिला. ऐंशीच्या दशकात वर्डपरफेक्ट या लेखनाच्या प्रोग्राममध्ये कळांचा क्रम रेकॉर्ड करून ऑल्ट आणि एका अक्षराने तो पुन्हा चालवता येई.

खरी ताकद आली ती १९८९च्या ‘वर्ड फॉर विंडोज’मधल्या वर्डबेसिक भाषेने. तिच्यात एक विलक्षण नियम होता: मॅक्रोला वर्डच्याच आज्ञेचे नाव दिले, तर मूळ आज्ञेऐवजी तो मॅक्रो चालायचा. ‘फाइलसेव्ह’ नावाचा मॅक्रो लिहिला की मेनू, बटण आणि कंट्रोल-एस, तिन्ही त्याच्या ताब्यात. मग पत्रातला जावक क्रमांक उचलून त्यावरूनच फाइलचे नाव बनवा, ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवा, वर एक प्रत दुसरीकडे टाका. टंकलेखन करणाऱ्याला वेगळे काही शिकायला नको. कचेरीच्या कामासाठी इतकी नेमकी सोय क्वचितच कोणी दिली असेल. मात्र त्या मॅक्रोत प्रत्यक्ष सेव्ह करणारी ओळ लिहायची राहिली, तर कंट्रोल-एस दाबूनही काहीच साठवले जात नाही. हा नियम आजही लागू आहे.

याच नियमाचा फायदा १९९५मध्ये ‘कन्सेप्ट’ व्हायरसने घेतला. तेव्हाच्या वर्डमध्ये मॅक्रो फक्त टेम्प्लेटमध्ये, म्हणजे दस्तऐवजांच्या साच्यात, राहू शकत, साध्या दस्तऐवजात नाही. बाधित फाइल उघडताच ‘ऑटोओपन’ मॅक्रो आपल्या प्रती सगळ्या दस्तऐवजांना लागू असणाऱ्या ‘नॉर्मल’ टेम्प्लेटमध्ये टाकी आणि ‘फाइलसेव्हअॅज’ची जागा बळकावे. पुढे ‘सेव्ह अॅज’ केलेला दस्तऐवज आतून टेम्प्लेट बनून, व्हायरससकट साठवला जाई. नाव मात्र साध्या फाइलसारखेच. त्याने फारसे नुकसान केले नाही, पण वाट दाखवून दिली. मार्च १९९९मध्ये ‘मेलिसा’ याच वर्गातून आला आणि आउटलुक या ईमेल प्रोग्राममधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवू लागला.

दरम्यान वर्ड ९७मध्ये वर्डबेसिकची जागा व्हीबीए (व्हिज्युअल बेसिक फॉर अॅप्लिकेशन्स) या भाषेने घेतली होती आणि मॅक्रो असलेली फाइल उघडताना इशाराही येऊ लागला होता. पण माझ्या मते सगळ्यात शहाणा बदल २००७चा: डॉकएक्स या वर्डच्या साध्या फाइल-प्रकारात मॅक्रो साठवताच येत नाही, त्यासाठी डॉकएम हा वेगळा प्रकार. फाइल उघडण्याआधी नावावरूनच अंदाज येतो. २०२२पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मूळ सेटिंगनुसारच रोखले जाऊ लागले.

लिबरऑफिस या मोफत ऑफिस संचात मॅक्रो ‘कस्टमाइझ’मधल्या ‘इव्हेंट्स’ या यादीत दस्तऐवज सेव्ह होण्याच्या घटनेला जोडता येतो. तिथे मूळ आज्ञा तिच्या जागीच राहते आणि मॅक्रो तिच्या आधी किंवा नंतर चालतो.